साठ वेळा बोल्ट

"साठ वेळा?" शेवाळे सर म्हणाले. "तिन्ही रायफली साठ-साठ वेळा? मैथिली, अ‍ॅक्शन निवडायचीय, पैठणी नाही."

"मॅच साठ गोळ्यांची असते, सर."

"ते मला सांगतेस?"

कणसे काका खिडकीपाशी स्टुलावर बसून तेलाच्या चिंधीनं एक बोल्ट पुसत होते. सैन्यात अठ्ठावीस वर्षं आर्मरर म्हणून, शस्त्रं दुरुस्त करत, काढलेला माणूस, सुभेदार होऊन निवृत्त झालेला. आता साताऱ्याच्या आमच्या रायफल क्लबचं शस्त्रागार सांभाळत होते. मान वर न करता ते म्हणाले, "करू द्या की सर. सगळी पोरं पाच डाव बोल्ट वढत्यात आन् म्हणत्यात, काका, हीच पायजे. ही साठ म्हनती. हिचं तरी बघू."

"पाचला माझी मुंबईची गाडी आहे, काका."

"आत्ता अकरा वाजल्यात."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दाराबाहेरच्या व्हरांड्यात माझ्या मुलीला मांडीवर घेऊन बसलेल्या माझ्या सासूबाईंकडे. "आणि ती रडली की?"

"रडली की थांबायचं. पाजायचं. परत सुरू करायचं."

सर खुर्ची ओढून माझ्या चटईच्या मागे बसले.

आता या गोष्टीला नऊ वर्षं झाली. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि सई आठ महिन्यांची. त्या दिवशी शस्त्रागाराच्या टेबलावर क्लबच्या तीन रायफली भिंतीकडे तोंड करून ठेवल्या होत्या आणि त्यांच्याशेजारी एक फॉर्म होता.

रायफलीची नळी बदलता येते, दस्ता बदलता येतो, चापसुद्धा बदलता येतो. अ‍ॅक्शन म्हणजे नळीच्या मागचा तो पोलादी भाग, ज्यात बोल्ट मागे-पुढे सरकतो आणि गोळी घरात बसते. तो बदलला की रायफलच दुसरी झाली. लायसनवरचा नंबरही त्याचाच. माझी अ‍ॅक्शन परदेशातला एक छोटा कारखाना ऑर्डरप्रमाणे बनवून देणार होता: बोल्ट किती उचलायचा, आतली स्प्रिंग कधी ताणली जायची, मूठ केवढी हवी, सगळं फॉर्मवर लिहायचं. एकदा लिहिलं की लिहिलं. आयातीची परवानगी माझ्या नावावर एकदाच मिळालेली होती, तीही लग्नाआधीच्या राज्य पदकाच्या जोरावर. डिसेंबरात निवड चाचणी. पहिल्या चौघींत नंबर लागला तर शिबिर, नाही लागला तर पुढची परवानगी दुसऱ्या मुलीला. निवड समितीत दोघेजण म्हणाले होते, बाळंतीण झालेली पोरगी कशाला परत येतेय. सरांनी तिथे उभं राहून लेखी दिलं होतं: खेळाडू पूर्ण तंदुरुस्त आहे.

मी पूर्ण तंदुरुस्त नव्हते.

सई दोन महिन्यांची असल्यापासून माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटापर्यंत, एक कळ यायची. डॉक्टर म्हणाल्या, तिथली शीर सुजलीय, बाळाला काखेत हात घालून सारखं उचलणाऱ्या बायकांना होतं हे. पट्टा लावा, उचलणं कमी करा. उचलणं कमी करा म्हणे! पट्टा मी फक्त रात्री लावत असे, तोही दार लोटून. सरांना कळलं तर त्यांना ते समितीला सांगावं लागलं असतं. तसा माणूस होता तो.

"झोप," सर म्हणाले.

मी चटईवर पालथी झाले. फरशीला फिनेलचा वास येत होता. आदल्या दिवशी मीच काकांना फोन करून विचारलं होतं, खोली पुसून घ्याल का, शिशाची धूळ असते, बाळ येणार आहे. काकांनी खोलीच नव्हे, व्हरांडाही दोनदा पुसून घेतला होता आणि "दवाखाना केला तुमच्यासाठी" असं ऐकवलंही होतं. गोळ्या त्या दिवशी शस्त्रागाराबाहेर कुलपात होत्या. काम नुसतं बोल्टचं होतं.

डाव्या दंडाला रायफलीचा पट्टा बांधला, रायफल खांद्यात घेतली. समोर भिंतीवर काकांनी काळा ठिपका चिकटवला होता. नियम मीच ठरवला होता. ठिपक्यावर नेम धरायचा, रिकामा चाप ओढायचा, बोल्ट उघडायचा, मागे घ्यायचा, पुढे ढकलून बंद करायचा, आणि मग अंग अजिबात न हलवता साइटमधून बघायचं की नेम कुठे गेला. ठिपका जिथल्या तिथे असेल तर "मध्ये" म्हणायचं. सरकला असेल तर घड्याळाप्रमाणे हाक द्यायची: तीन वाजता, नऊ वाजता. काका वहीत लिहिणार. मॅचमध्ये हे साठ वेळा होतं. दर वेळी बोल्ट तुम्हाला थोडंसं हलवतो आणि तुम्ही नकळत जोर लावून नेम परत आणता. गोळी सुटताना तो जोर सुटला की गोळी जिथे जायची तिथे जाते.

पहिली रायफल सरांची लाडकी होती. तिचा बोल्ट जरासाच उचलावा लागायचा, जेमतेम दोन बोटं. "झटकन काम," सर म्हणायचे. फॉर्मवर त्यांनी पेन्सिलीनं तिचंच वर्णन भरून ठेवलं होतं. कॉलेजपासून मी तशाच रायफलीवर खेळले होते. दोनच बोटं उचलायचा, पण तेवढ्यात सगळी स्प्रिंग ताणायची म्हणजे जड.

"मध्ये," मी म्हणाले. "मध्ये. मध्ये."

"बघ," मागून सर.

विसापर्यंत सगळं मध्ये होतं. एकविसाव्याला कळ आली. बोल्ट उचलताना मनगट वर वळतं ना, नेमकं तिथेच. मी साइटमधून पाहिलं तर ठिपका साइटमधल्या गोल कडीच्या डावीकडे, खाली उतरला होता. म्हणजे नळी उजवीकडे वर गेली होती. दोन वाजता.

"मध्ये," मी म्हणाले.

का म्हणाले, ते मला तेव्हाही माहीत होतं. सर तीन फुटांवर होते. मग बावीस, तेवीस. दोन वाजता, दोन वाजता. मी अंग चोरून नेम परत आणत होते आणि "मध्ये" म्हणत होते. अधूनमधून खरं वाटावं म्हणून एखादं "तीन वाजता" टाकत होते. चव्वेचाळिसाव्याला बाहेर सई कुरकुरली. पन्नासाव्याला ती रडायला लागली आणि माझ्या कुडत्याचा पुढचा भाग ओला झाला. मी उरलेले दहा दात आवळून केले.

"साठ," काका म्हणाले.

"उत्तम," सर म्हणाले. "अजून दोन कशाला करतेस? सही कर, मोकळी हो."

"आलेच," म्हणून मी उठले. नळाखाली तीनदा हात धुतले, कोपरापर्यंत, कुडता बदलला आणि व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत सईला घेऊन बसले. उचलताना उजवा अंगठा आत दुमडून घेतला. ती सवयच झाली होती.

सई शांत झाली तेव्हा सासूबाई आत आल्या. त्यांच्या हातात काकांची वही होती.

"कणसेंनी दिली. म्हणाले, सूनबाईला दाखवा, सरांना नको." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे काय गं, दोन रांगा कसल्या?"

मी पाहिलं. डाव्या रांगेत माझ्या हाका होत्या. मध्ये, मध्ये, मध्ये. उजव्या रांगेत काकांच्या बारीक अक्षरात दुसरंच काही. एकविसापासून: दोन. दोन. दोन. दीड. दोन. नळीच्या टोकाशी त्यांनी एक फूटपट्टी उभी केली होती. मला वाटलं होतं, असंच काहीतरी. ते स्टुलावरून माझ्याकडे नाही, त्या पट्टीकडे बघत होते. खाली एक ओळ: *२४ हाका चुकीच्या.*

चुकीच्या. खोट्या असं लिहिलं नव्हतं त्यांनी.

"आई," मी म्हणाले, "माझा हात..."

"दुखतोय. ठाऊक आहे."

मी बघतच राहिले.

"कुकरचं झाकण तू दोन महिने डाव्या हातानं लावतेयस. मला काय दिसत नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून." त्या शेजारी बसल्या आणि सईचा पायमोजा वर ओढला. सासूबाईंनी तीस वर्षं शिलाई केली होती, घरात, मशीनवर. त्यांच्या बोलण्यात कुठूनही मशीन यायचं. "मला तिकडे काय चाललंय ते कळत नाही. पण तुमच्या सरांना सांग, दुकानात चालवून बघितलेली मशीन आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी चालवलेली मशीन एक नसते. पहिले पाच ब्लाउज कुणीही सरळ शिवतं."

"म्हणून तर साठ करतेय."

"मग खरे कर की."

सई झोपली होती. तिची मूठ माझ्या बोटाभोवती होती. ती सोडवून मी उठले.

खोलीत सर फॉर्म वाचत होते. मी दाराशीच उभी राहून बोलले, आत जाऊन बोलले असते तर कदाचित बोलले नसते.

"सर, पहिल्या रायफलीच्या चोवीस हाका मी खोट्या दिल्या."

काकांची चिंधी थांबली.

"म्हणजे?" सर म्हणाले.

"नेम सरकत होता. मी मध्ये म्हणत होते. माझा हात दुखतो. अंगठ्यापासून मनगटापर्यंत. सहा महिने झाले."

सर उठून आले. माझा उजवा हात धरला, अंगठा मुठीत घ्यायला लावला आणि मनगट हळूच खाली वाकवलं. माझ्या तोंडून "आई गं" निघालं. बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "काय झालं?"

"काही नाही, आई."

"सहा महिने," सर म्हणाले. "आणि मी तिथे लिहून आलो." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्चीवर बसले आणि गुडघ्यांवर हात ठेवून फरशीकडे बघत राहिले. "दोघा जणांपुढे उभं राहून लिहून आलो, मैथिली."

"सर, चूक माझी आहे. समितीला काय सांगायचं ते सांगा. पण फॉर्म आज जायचाय. मला उरलेल्या दोन करू द्या. खऱ्या हाकांनी."

"कशाला? दुखऱ्या हाताला सोसेल ती अ‍ॅक्शन शोधायला? उद्या पोरगी चालायला लागेल, तुझं उचलणं थांबेल, हात बरा होईल. आणि अ‍ॅक्शन? ती दहा वर्षं असणार आहे तुझ्यापाशी. सहा महिन्यांच्या दुखण्यासाठी दहा वर्षांचा निर्णय घेणार?"

मी एवढंच म्हणाले, "साठ-साठ करायच्या असं ठरलंय. करते."

"हट्टी आहेस."

"हो."

काका उठले आणि दुसरी रायफल चटईवर आणून ठेवली.

दुसरीचा बोल्ट जास्त उचलावा लागायचा, चांगलं पाव वर्तुळ, पण हलका. तिच्यात नेम सरकल्याची पहिली हाक मी अठ्ठावीसला दिली: "दोन वाजता." मग एकतिसाला, मग छत्तिसापासून जवळजवळ सलग. मोठ्यानं सांगायला सुरुवातीला जीभ उचलत नव्हती. पुढे पुढे बरंच वाटायला लागलं. सर मागे होते, आणि मी त्यांना ऐकू जाईल असं सांगत होते, दोन वाजता, दोन वाजता, दीड वाजता, आणि काका "हां" म्हणत होते, म्हणजे त्यांच्या पट्टीशी जुळत होतं.

साठ झाल्यावर मी दहा मिनिटं हात पाण्याखाली धरला. सासूबाईंनी डब्यातली दशमी माझ्या तोंडात कोंबली, सरांपुढेही एक धरली. "घ्या की सर, रुसून पोट भरत नाही." सरांनी घेतली.

तिसरी रायफल क्लबमध्ये कुणी हातात घेत नसे. पोरं तिला म्हातारी म्हणायची. तिची रीतच उलटी होती. बोल्ट उघडताना तिची स्प्रिंग ताणलीच जायची नाही, पंख्याचं बटण दाबावं तसा उघडायचा. स्प्रिंग ताणली जायची ती बोल्ट पुढे ढकलताना. म्हणजे जोर उचलताना नाही, तळहातानं पुढे रेटताना.

"ही जुनी पद्धत आहे," सर म्हणाले. "पुढे रेटलंस की रायफल खांद्यातून निघणार. आधीच सांगतो."

"निघाली तर तशी हाक देईन."

निघत होती. प्रत्येक रेट्याला रायफल केसभर पुढे जायची, आणि डाव्या दंडाचा पट्टा तिला ओढून परत खांद्यात आणायचा. पहिल्या चार-पाच वेळा मला ते विचित्र वाटलं. मग हाताला लय सापडली: उघड, मागे, रेट, सोड. सोडलं की ती आपोआप जागेवर. मनगट वर वळतच नव्हतं. अंगठा बाजूला, सगळा जोर तळव्याच्या गादीवर.

"मध्ये," मी म्हणत होते. विसाला मध्ये. तिसाला मध्ये. चाळीसला काका म्हणाले, "हां, मधीच हाय," जणू त्यांनाच पटत नव्हतं. बावन्नाला पहिल्यांदा कडी खाली गेली. "सहा वाजता, थोडंसं." पंचावन्नाला पुन्हा तेच. बाकी साठापर्यंत काही नाही.

साडेतीन वाजले होते. मी उठून बसले.

"ठीक आहे," सर म्हणाले. "दुखऱ्या हातासाठी म्हातारी बरी. मान्य. पण माझा मुद्दा तोच आहे. बरा झालेला हात काय करेल?" त्यांनी बॅगेतून माझं जाड पिवळं कार्ड काढलं. प्रत्येक खेळाडूचं ते एक कार्ड ठेवत, त्यात मापं आणि मोठ्या मॅचमधल्या प्रत्येक गोळीची खूण. "हे बघ. चार वर्षांपूर्वी तुझा हात ठणठणीत होता आणि रायफल पहिल्यासारखीच होती. पन्नास गोळ्यांपर्यंत राज्यात तुझ्यासारखी कुणी नव्हती. तुझं गेलं ते नेहमी शेवटच्या दहात. ते बोल्टमुळे नाही गेलं." त्यांनी कानशिलावर बोट ठेवलं. "ते इथं गेलं. हे मी तुला सतरा वेळा सांगितलंय."

सांगितलं होतं. कार्डाच्या तळाशी लाल शाईत लिहिलंही होतं: *शेवटच्या दहात धीर सुटतो.* मी ते चार वर्षं स्वतःविषयी खरं मानत आले होते. दवाखान्यात सईच्या वेळी नर्स म्हणाली, झालंच आता, थोडंच राहिलंय, तेव्हासुद्धा माझ्या मनात हेच आलं होतं की आता माझा धीर सुटणार, माझा शेवटी सुटतोच.

मी कार्ड हातात घेतलं. राज्य स्पर्धा, पहिलं वर्ष. शेवटच्या दहा गोळ्यांच्या खुणा मी कधी नीट पाहिल्याच नव्हत्या. आकडे पाहिले होते, लाज वाटून पान उलटलं होतं. आई झाल्यावर एक वाईट सवय लागते, प्रत्येक बारीक गोष्टीकडे टक लावून बघण्याची. श्वास चालू आहे ना, पुरळ कालच्यापेक्षा वाढलं का, शी हिरवी का. तशीच मी त्या खुणांकडे बघत बसले.

"काका," मी म्हणाले, "वही द्या."

वही कार्डाशेजारी ठेवली. पहिल्या रायफलीची उजवी रांग.

"सर, धीर सुटला की गोळी कुठे जाते?"

"कुठेही जाते."

"मग या सगळ्या एकाच बाजूला का आहेत?"

सरांनी चष्मा लावला. पहिल्या वर्षी शेवटच्या दहातल्या सात खुणा वर उजवीकडे. दुसऱ्या वर्षी सहा. विद्यापीठाच्या मॅचला आठ.

"दोन वाजता," मी म्हणाले. "सगळ्या दोन वाजता. आणि आज एकविसापासून वहीत हेच आहे. सर, दुखऱ्या हातानं काही नवीन केलं नाही. धडधाकट हात पन्नासाव्या वेळी दमायचा, तेव्हा बोल्ट मला जिथे ढकलायचा, तिथेच दुखरा हात एकविसाव्या वेळी ढकलला गेला. दुखऱ्यानं लवकर सांगितलं, एवढंच. हात बरा होईल. मग बोल्ट परत पन्नासाव्याला ढकलेल आणि तुम्ही परत लाल शाईनं लिहाल."

काका सरांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. "दोनच वाजता हाय की सर," ते हळूच म्हणाले.

"दिसतंय मला."

"न्हाय, म्हनलं..."

"काका, दिसतंय." सरांनी तिन्ही पानं परत परत पाहिली. मग कार्ड खाली ठेवलं. "तीन मॅचवरून सिद्ध होत नाही, मैथिली."

"नाही होत."

"म्हातारीवर तू एकदाही खरी गोळी मारलेली नाहीस."

"नाही मारलेली."

"आणि डिसेंबरात नाही जमलं, तर मी काय सांगायचं त्यांना? की माझ्या खेळाडूनं मला न जुमानता जुनाट अ‍ॅक्शन मागवली?"

"हो. तेच सांगा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नुकतीच खोलीत आले होते. मग खोडरबर शोधलं, सापडेना. सासूबाईंनी पिशवीतून शिलाईचा पांढरा खडू काढून पुढे केला, "हा चालेल का?" आणि त्या दिवसात सर पहिल्यांदा हसले. पेन्सिलीचं मी डब्यातल्या पावाच्या तुकड्यानं पुसलं. फॉर्मवर शाईनं लिहिलं: बोल्ट बंद करताना स्प्रिंग ताणली जावी. मूठ मोठी, गोल, तळहातानं रेटता येईल अशी. खाली माझी सही. अंगठा दुखत होता, त्यामुळे सही शाळकरी पोरीची वाटत होती.

प्रशिक्षकाच्या जागी सरांनी लिहिलं: *निवड खेळाडूची स्वतःची. माझा सल्ला वेगळा होता.* आणि सही केली. मग जरा थांबून दुसऱ्या कागदावर समितीला पत्र लिहिलं की खेळाडूच्या मनगटाला इजा आहे, हे मला आज समजलं, उपचार चालू आहेत, आणि तरीही माझी शिफारस कायम आहे. ते मला वाचायला दिलं.

"पट्टा दिवसा लावायचा," ते बॅग उचलत म्हणाले. "दार उघडं ठेवून."

त्यांना ते कुणी सांगितलं, ते मी व्हरांड्याकडे बघून ओळखलं.

हात जूनमध्ये बरा झाला. अ‍ॅक्शन तेव्हा आली पण नव्हती. म्हणजे सरांचा अंदाज बरोबर होता, आणि पावसाळाभर तो मला रोज टोचत राहिला. ऑगस्टमध्ये पेटी आली, काकांनी नळी बसवली, दस्ता घासून माझ्या गालाला जुळवला. सर सरावाला उभे राहायचे, आकडे लिहायचे, अ‍ॅक्शनबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत.

डिसेंबरात चाचणी परराज्यात होती आणि सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात निघालं. सासूबाई सईला घेऊन माझ्याबरोबर आल्या, तीन दिवस धर्मशाळेत राहिल्या. मॅच संपल्यावर मी रायफल खोक्यात ठेवली, तीनदा हात धुतले आणि सरांना फोन लावला. त्यांनी एका रिंगमध्ये उचलला.

"शेवटचे दहा सांग."

"एकूण सांगू का आधी?"

"शेवटचे दहा. एकेक."

मी कागद उलगडला. "दहा पूर्णांक तीन. दहा पूर्णांक पाच. दहा पूर्णांक एक. नऊ पूर्णांक आठ..."

"कुठे गेली?"

"सहाला, सर. खाली. माझ्या श्वासामुळे."

"पुढे."

"दहा पूर्णांक चार. दहा पूर्णांक सहा. दहा पूर्णांक दोन, परत दोन, दहा पूर्णांक सात. शेवटची दहा पूर्णांक चार."

पलीकडे कागद सळसळला. डोळ्यावर पट्टी असताना ते लिहीत होते की काय, कोण जाणे.

"आणि नंबर?"

"चौथा."

"किती जणी घेतात?" त्यांनी विचारलं. सतरा वर्षं त्याच चाचणीला पोरी पाठवत आले होते ते.

"चौघी, सर," मी म्हणाले. "चौघी घेतात."